वकट, लेंड, मूंड : खेळांनी राखलेले शब्द

भाषेचा जुना इतिहास शोधावयाचा म्हटले म्हणजे विद्वान मनुष्य प्रथम शिलालेखांकडे वळतो, मग ताम्रपटांकडे, आणि मग जुन्या पोथ्यांकडे. गावाबाहेरच्या माळावर धुळीत खेळणाऱ्या पोरांकडे तो सहसा वळत नाही, आणि वळावे असे त्याला वाटण्याचे कारणही नसते. मुलांच्या तोंडी येणारे शब्द म्हणजे निरर्थक बडबड, असाच थोरामोठ्यांचा सर्वसाधारण समज असतो. परंतु ह्या बडबडीत कधी कधी असे काही हाती लागते, की जे कोणत्याही पोथीत सापडावयाचे नाही. महाराष्ट्रातील विटीदांडूचा खेळ हे ह्याचे एक उत्तम उदाहरण होय.

ज्यांचे बालपण गावात गेले, त्यांना हा खेळ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु ज्यांनी तो केवळ ऐकला आहे, त्यांच्यासाठी चार शब्द सांगणे बरे. विटी म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती केलेली, वीतभर किंवा त्याहूनही लहान अशी लाकडाची कांडी. दांडू म्हणजे हातभर लांबीचा दांडा. जमिनीत एक लांबट खळगा खणावयाचा. त्याला गल किंवा गली म्हणतात. त्या गलीवर विटी आडवी ठेवून तिच्याखाली दांडूचे टोक घालावयाचे आणि ती जोराने पुढे उडवावयाची. ह्या क्रियेला कोलणे असे नाव आहे. समोरच्या गड्याने विटी अधांतरी झेलली, तर खेळणारा बाद. झेलली नाही, तर गलीवर आडव्या ठेवलेल्या दांडूवर ती नेमकी फेकून मारावयाची. नेम लागला तरीही तो बाद. ह्या दोन्ही संकटांतून निभावला, तर त्याने टोले मारावयाचे, आणि विटी जेथे पडेल तेथपर्यंतचे अंतर गलीपासून दांडूने मोजावयाचे.

खेळाची खरी मौज येथून पुढे आहे. हे अंतर मोजताना मराठी मुलगा एक, दोन, तीन असे म्हणत नाही. तो म्हणतो : वकट, लेंड, मूंड, नाल, आर, वेद, झंकू. सात शब्द झाले की पुन्हा वकटपासून आरंभ. ज्या शब्दावर मोजणी थांबेल, त्यावरून पुढचा टोला कसा मारावयाचा ते ठरते. विटी कधी पायाच्या पंजावर ठेवून उडवावी लागते, कधी मुठीवर, कधी बोटांच्या बेचक्यात, तर कधी मान मागे टाकून चक्क डोळ्यावर. कोणत्या शब्दाला कोणता टोला, ह्याविषयी गावोगाव मतभेद आहेत. शब्दांचे उच्चारही थोडेफार बदलतात. कोठे लेंडऐवजी रेंड ऐकू येतो, कोठे झंकूचा झक्कू होतो. परंतु माळ तीच. ही माळ म्हणणाऱ्या मुलाला जर कोणी विचारले, की बाबा रे, वकट म्हणजे काय, तर तो उत्तर देई, ‘वकट म्हणजे वकट!’ ते उत्तर त्याला पुरेसे वाटत असे, आणि विचारणाऱ्यालाही.

आता हेच शब्द घेऊन महाराष्ट्राच्या पूर्व सीमेपलीकडे जावे. तेलुगू भाषेत एक, दोन, तीन, चार ह्यांना शब्द आहेत ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. सहा म्हणजे आरु आणि सात म्हणजे एडु. हे शब्द मोठ्याने उच्चारून पाहिले म्हणजे शंकेला जागा उरत नाही. तेलुगूत शब्दारंभीचा ‘ओ’ उच्चारताना त्यापूर्वी ‘व’ची छटा येते, तेव्हा ओकटि हे कानाला वोकटि असे लागते, आणि मराठी जिभेवर त्याचे वकट होते. रेंडुमधील ‘र’चा ‘ल’ झाला. असा बदल भाषांमध्ये नित्य घडतो. नालुगुचे शेपूट तुटून नाल उरला. एडुच्या आरंभी ‘य’चा आभास होतो, त्यातूनच पुढे वेद झाला असावा. मूंड ह्या शब्दाची गोष्ट तर अधिकच मनोरंजक आहे. आजच्या तेलुगूत तीन म्हणजे मूडु, त्यात अनुस्वार ऐकू येत नाही. परंतु जुन्या तेलुगू लेखनात ह्याच शब्दात अर्धानुस्वार लिहीत असत. मराठी मुलांच्या मूंडमधील नाकातला उच्चार त्या जुन्या रूपाची आठवण करून देतो. जे घरच्या लोकांच्या बोलण्यातून नाहीसे झाले, ते शेजाऱ्यांच्या पोरांच्या खेळात टिकून राहावे, हे मोठे नवल होय.

येथे कोणी म्हणेल, की हे शब्द कानडी किंवा तमिळ कशावरून नसतील? चार आणि सहा ह्या संख्यांचे शब्द ह्या भगिनीभाषांत एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की केवळ नाल आणि आर ह्यांवरून निर्णय करणे कठीण. परंतु कानडीत एक म्हणजे ओंदु, दोन म्हणजे एरडु आणि तीन म्हणजे मूरु. तमिळमध्ये एक म्हणजे ओन्रु. वकट हा शब्द ह्यांपैकी कशातूनही निघावयाचा नाही. तो ओकटितूनच निघतो. म्हणून पहिल्या शब्दानेच ह्या माळेचे घराणे सांगितले, असे म्हणावयास हरकत नाही.

ज्याने वरील शब्द लक्षपूर्वक ऐकले असतील, त्याच्या मनात आणखी एक प्रश्न आला असेल. नाल म्हणजे चार आणि लगेच आर म्हणजे सहा, तर मधला पाच कोठे गेला? तेलुगूत पाचाला ऐदु म्हणतात. प्रचलित मराठी माळेत हा ऐदु दिसत नाही. पाच गळाला, सहा पाचाच्या जागी येऊन बसला आणि सात सहाच्या जागी. परंतु खेळाला तर सात शब्द हवेत. तेव्हा शेवटची रिकामी जागा झंकू ह्या शब्दाने भरून काढली. झंकू हा तेलुगू आकडा नव्हे. सातवा टोला म्हणजे मोजणीचा कळस, आणि त्या ठिकाणी एखादा झणझणीत, दणक्यात म्हणता येईल असा शब्द मुलांना हवासा वाटला असल्यास त्यात नवल नाही. ह्यावरून एक गोष्ट उघड होते. हे शब्द ज्या पिढीने प्रथम उचलले, तिला ते आकडे म्हणून ठाऊक असतील. परंतु पुढच्या पिढ्यांना ते आकडे आहेत ह्याचाच विसर पडला. आकडा आहे हे ठाऊक असते, तर पाच गाळून सहा म्हणण्याची चूक चारचौघांत खपली नसती. अर्थ गेला, आणि केवळ नाद उरला.

हे तेलुगू शब्द मराठी मुलांपर्यंत पोहोचले कसे? शब्दांच्या अंगावर तारीख लिहिलेली नसते. मात्र मराठी आणि तेलुगू ह्या भाषांचा शेजार फार जुना आहे. पैठणाहून राज्य करणाऱ्या सातवाहनांना पुराणे आंध्र म्हणतात. तेराव्या शतकात देवगिरीचे यादव आणि वरंगळचे काकतीय ही एकमेकांना भिडलेली राज्ये होती. पुढे हैदराबादच्या संस्थानात मराठवाड्यातील मराठी माणूस आणि तेलंगणातील तेलुगू माणूस हे एकाच राज्याचे प्रजाजन म्हणून दोन शतकांहून अधिक काळ नांदले. मराठवाड्याचे पाच जिल्हे त्यातून बाहेर पडून मुंबई राज्यात आले ते 1956 साली. चांद्याकडे, सिरोंच्याकडे, नांदेडच्या पूर्वेस, दोन्ही भाषा एकाच बाजारात ऐकू येतात. सोलापुरात हातमाग चालविणारे पद्मशाली विणकर तेलुगू बोलत आले. मुंबई बांधण्यासाठी आलेल्या कामाठी मजुरांचे नाव तेथील कामाठीपुऱ्याला मिळाले. दगड फोडणारे, विहिरी खणणारे वडार गावोगाव हिंडले, आणि त्यांच्या घरच्या बोलीत तेलुगूचा अंश राहिला. पालाजवळच्या माळावर ज्यांचे आईबाप एकमेकांची भाषा जाणत नव्हते, ती मुले एकत्र खेळली असतील, हे समजण्यास फारशी कल्पनाशक्ती लागत नाही. खेळण्यासाठी भाषा समजावी लागत नाही. मोजणी समजली म्हणजे पुरे.

मोठ्यांच्या मराठीतही दक्षिणेकडच्या भाषांतून आलेले शब्द पुष्कळ आहेत. तूप, अडकित्ता, अण्णा, अक्का हे शब्द कानडीच्या शेजाराने आले. ते घरात इतके मिसळून गेले आहेत, की त्यांना परके म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही. परंतु ते शब्द वस्तूंचे आणि नात्यांचे. वस्तू आली की तिच्याबरोबर नाव येते. आकड्यांची गोष्ट निराळी. स्वतःचे आकडे असताना दुसऱ्याचे आकडे उसने घेण्याची गरज कोणत्याही भाषेला सहसा पडत नाही. मराठीने आपल्या व्यवहारात तेलुगू आकडे कधी घेतले नाहीत. ते टिकले केवळ खेळात, आणि तेही मुलांच्या.

असा प्रकार महाराष्ट्रातच घडला असे नव्हे. इंग्लंडच्या उत्तर भागातील डोंगराळ मुलखात मेंढ्या मोजण्याची एक जुनी रीत होती. तेथला मेंढपाळ इंग्रजी आकडे न म्हणता ‘यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिंप’ असे मोजी. बायका विणकामाचे टाके मोजताना आणि मुले खेळात गडी निवडताना हेच शब्द वापरीत. ह्यातील पिंप म्हणजे पाच. हा शब्द इंग्रजीतील नव्हे. तो वेल्श भाषेतील पाच ह्या आकड्याचा सख्खा भाऊ आहे. इंग्रज येण्यापूर्वी त्या बेटावर जे लोक राहत, त्यांच्या भाषेच्या कुळातील हा शब्द. ते लोक तेथे होते तेव्हापासूनच तो टिकून राहिला, की नंतरच्या काळी वेल्सकडून आलेल्या लोकांनी तो पुन्हा आणला, ह्याविषयी पंडितांत वाद आहे. हाच इशारा विटीदांडूच्या बाबतीतही लक्षात ठेवावयास हवा. वकट आणि लेंड हे सातवाहनांच्या काळचे अवशेष आहेत, अशी हाकाटी करण्याचे कारण नाही. ते शब्द कोणाच्या घरचे, हे सांगता येते. ते कोणत्या वर्षी पाहुणे म्हणून आले, हे केवळ शब्दांवरून ठरत नाही.

खेळ मात्र निःसंशय पुरातन आहे. महाभारताच्या आदिपर्वात एक कथा आहे. कौरव-पांडव कुमार नगराबाहेर खेळत असता त्यांची वीटा विहिरीत पडली. ती काढण्याची युक्ती एकालाही सुचेना. तेव्हा तेथे आलेल्या द्रोणाचार्यांनी गवताच्या काड्या एकीला एक जोडून ती वर काढून दिली, आणि ह्याच प्रसंगाने त्यांचा हस्तिनापुरात प्रवेश झाला. ही वीटा म्हणजे चेंडू, असा अर्थ काहींनी केला आहे. परंतु सतराव्या शतकातील प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर ह्यांनी वीटा म्हणजे जवाच्या आकाराचे, वीतभर लांबीचे, मुले दांड्याने उडवितात ते लाकूड, असे स्पष्ट केले आहे. नीलकंठ हे मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, पुढे काशीस जाऊन राहिलेले. महाभारतावर टीका लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे कोपरगावची पोरे उभी राहिली नसतील, असे कोणी सांगावे? हाच खेळ उत्तरेत गुल्लीदंडा ह्या नावाने, गोव्यात कोयंडो-बाळ ह्या नावाने, तर तमिळ प्रांतात किट्टिपुळ्ळु ह्या नावाने चालत आला आहे.

शब्द जपून ठेवण्याचे काम एकट्या विटीदांडूनेच केले असे मात्र नाही. बुद्धिबळाचा पट पाहावा. हा खेळ चतुरंग ह्या नावाने भारतातून इराणात गेला आणि परत आला तो फारसी पोशाख लेवून. घोडा, उंट, हत्ती हे मोहरे मराठी नावांनी ओळखले जातात, राजाही राजाच. परंतु त्या राजावर संकट आले की खेळणारा म्हणतो, ‘शह!’ आणि शह म्हणजे फारसीतील शाह, म्हणजे पुन्हा राजाच. प्यादे म्हणजे पायदळाचा शिपाई, हाही फारसी. मराठीने त्या शहाला आपली काट जोडून काटशह असा जोडशब्द बनविला, आणि आज राजकारणावरील वृत्त त्या शब्दावाचून पुरे होत नाही.

सोंगट्यांच्या खेळाने मराठीला दिलेला एक शब्द तर असा आहे, की त्याचे मूळ ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. चोर पोलिसांना पाहून पोबारा करतो, असे म्हणतात. हा पोबारा म्हणजे तीन फाशांचे एक दान. दोन फाशांवर सहा-सहा मिळून बारा, आणि तिसऱ्यावर पौ, म्हणजे एक. हे दान मोठ्या भाग्याचे मानले जाई, कारण त्याने सोंगटी एकदम लांबवर पळे. हिंदीत पौ बारह होणे म्हणजे दैव फळफळणे. मराठीने त्या दानातील भाग्य बाजूला ठेवले आणि फक्त पळणे तेवढे उचलले. एकाच फाशावरून दोन शेजारी भाषांनी दोन निरनिराळे अर्थ काढले. आज सोंगट्यांचा पट फार थोड्या घरांत मांडला जातो; परंतु पोबारा करणाऱ्यांची वाण पडलेली नाही, आणि म्हणून शब्द जिवंत आहे.

लपंडाव आणि शिवाशिवी ह्या खेळांत ज्याच्यावर इतरांना शोधण्याची किंवा पकडण्याची पाळी येते, त्याच्यावर ‘राज्य आले’ असे मराठी मुले म्हणतात. राज्य म्हटले म्हणजे मोठ्यांच्या जगात वैभव, मान, अधिकार. मुलांच्या जगात राज्य म्हणजे बाकीचे सारे सुखाने लपलेले असताना एकट्याने उन्हात वणवण करणे. ते येऊ नये म्हणून प्रत्येकाची धडपड, आणि आले तर दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळे होण्याची घाई. राज्याची इतकी परखड व्याख्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात क्वचितच सापडेल.

डबा ऐसपैस ह्या खेळाचे नाव तर खास विचार करण्यासारखे आहे. ऐसपैस म्हणजे प्रशस्त, मोकळे. परंतु डब्यावर पाय देऊन लपलेल्या गड्याचे नाव पुकारताना मुले ज्या ऐसपैसचा घोष करतात, त्याचा प्रशस्तपणाशी काहीएक संबंध नाही. इंग्रजीत लपंडावाला ‘आय स्पाय’ असे एक जुने नाव आहे. त्याचा अर्थ, मला तू दिसलास. साहेबांच्या मुलांचा हा पुकारा देशी मुलांच्या कानी पडला, उत्तरेत त्याचे आइस-पाइस झाले आणि महाराष्ट्रात ऐसपैस. मराठी मुलांनी परका शब्द ओळखीच्या शब्दाच्या घरात नेऊन बसविला. त्याचप्रमाणे दम लागल्यावर मूठ पुढे करून ‘टाइमप्लीज’ म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजी येतच होते असे नव्हे. शतकांपूर्वी तेलुगू शेजाऱ्यापासून वकट ज्या सहजतेने उचलला, त्याच सहजतेने इंग्रजांपासून टाइमप्लीज उचलला. राज्ये बदलली, परंतु मुलांची उचलण्याची रीत बदलली नाही.

आता प्रश्न असा, की अर्थ ठाऊक नसता मुले हे शब्द इतक्या निष्ठेने का सांभाळतात? मोठ्या माणसाला शब्दाचा अर्थ कळला नाही, तर तो शब्द सोडून देतो. मुलाची रीत उलट असते. त्याच्या दृष्टीने शब्द हा खेळाच्या नियमाचा भाग. वकटऐवजी कोणी एक म्हणाला, तर ती केवळ भाषेची चूक नव्हे, ती लबाडी. आणि लबाडीला खेळात क्षमा नाही. दुसरे कारण असे, की हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात नाही. ते दहा वर्षांच्या मुलाकडून सात वर्षांच्या मुलाकडे जाते. धाकट्याला प्रथम लिंबूटिंबू म्हणून खेळात घ्यावयाचे, त्याला बाद करावयाचे नाही, परंतु त्याने सारे पाहावयाचे आणि पाठ करावयाचे. इंग्लंडातील आयोना आणि पीटर ओपी ह्या दांपत्याने शाळकरी मुलांचे खेळ आणि त्यांची भाषा ह्यांचा अभ्यास करून 1959 साली एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांचे हे ज्ञान मोठ्यांच्या नकळत, मुलाकडून मुलाकडे जाते, असेच त्यांना दिसून आले. शाळेतील कविता गुरुजी शिकवितात, आणि ती परीक्षेनंतर विसरली जाते. वकट, लेंड, मूंड कोणीही शिकविले नाही, आणि साठी उलटलेला माणूसही ते एका दमात म्हणून दाखवितो.

परंतु ह्या व्यवस्थेचे जे बळ, तेच तिचे मर्मस्थान आहे. पुस्तकातील शब्द पन्नास वर्षे कपाटात पडून राहिला, तरी पुन्हा उघडून वाचता येतो. खेळातील शब्दाला कपाट नाही. दहा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या मुलाला तो देतो. मध्ये चार-पाच वर्षे कोणी खेळलेच नाही, तर साखळीची कडी निखळते, आणि ती पुन्हा जोडणारा कोणी उरत नाही. विटी उडण्यासाठी मोकळे मैदान लागते. शहरांत ते उरले नाही, आणि गावांतही ते कमी होत चालले आहे. विटी डोळ्याला लागेल, ही आईबापांची भीती जुनीच आहे, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हे. क्रिकेटची बॅट प्रथम आली, मग घराघरांत पडद्यावरचे खेळ आले.

काही देशी खेळांनी ह्या काळाशी सामना केला, तो नियमांच्या आधाराने. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने 1914 साली खो-खोचे नियम आखले. हुतुतूची कबड्डी झाली आणि 1990 साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तिला पदकाचा मान मिळाला. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनी संपादिलेल्या दहा खंडांच्या व्यायाम ज्ञानकोशामुळे ह्या विद्येची पुष्कळ माहिती कागदावर उतरली. हे सारे प्रयत्न स्तुत्यच होत. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. खेळाला एकच नियमपुस्तिका मिळाली म्हणजे खेळ वाचतो, परंतु गावोगावची बोली वाचत नाही. पंचाच्या हातातील गुणपत्रिकेवर एक, दोन, तीन असेच लिहावे लागते; तेथे लेंडला आणि मूंडला जागा नसते. म्हणून खेळ राखणे आणि खेळातील शब्द राखणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पहिल्या कामाला मैदान, मंडळ आणि पैसा लागतो. दुसऱ्याला वही आणि पेन्सिल पुरते.

हे दुसरे काम घरोघर होण्यासारखे आहे. ज्यांनी लहानपणी विटी कोलली आहे, अशी वडील मंडळी अजून अनेक घरांत आहेत. त्यांच्याजवळ बसून ते सात शब्द, त्यांच्या गावच्या उच्चारात, त्यांच्या गावच्या क्रमाने लिहून घ्यावेत. कोणत्या शब्दाला कोणता टोला, हे विचारावे. गावाचे आणि तालुक्याचे नाव खाली टाकावे. उच्चार चुकीचा वाटला, तरी सुधारू नये, कारण ज्याला चूक समजून पुसावे, त्यातच एखादा जुना अनुस्वार दडलेला असतो. देगलूरची माळ आणि देवगडची माळ शेजारी शेजारी मांडल्या, तर शब्द कोठून कोठे चालत गेले ह्याचा माग लागू शकेल. कोणाच्या गावच्या माळेत हरवलेला पाचवा आकडा, तो ऐदु, अजून जागेवर असेल, तर ते लहानसे काम मोठ्या संशोधनाच्या तोलाचे ठरेल.

सीमेच्या दोन्ही बाजूंना आज भाषेवरून वाद होतात, आणि आपापल्या भाषेचा अभिमान असणे हे योग्यच आहे. परंतु मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी आपला सर्वांत आवडता खेळ तेलुगू आकड्यांनी मोजला, आणि त्यात त्यांना काही परके वाटले नाही, ही गोष्टही त्या अभिमानाबरोबर ध्यानात ठेवावी. वही घेऊन आजोबांजवळ बसणाऱ्याने त्यांना दांडूने अंगणात एकदा मोजून दाखवावयासही सांगावे. शब्द ओठांवर येण्यास कधी कधी हाताची साथ लागते.